पगारातून कापलेले पैसे आपले नसतात: छोट्या युनिटवाल्यांसाठी पगार आणि टॅक्सचं गणित

दर महिन्याच्या बारा-तेरा तारखेला मला ठरलेले दोन-तीन फोन येतात. "ताई, पीएफचं चलान किती झालं? आणि ते पंधराच्या ऐवजी पंचवीसला भरलं तर चालेल का, पार्टीचं पेमेंट अडकलंय." मी नाशिकला सातपूर-अंबड भागातल्या छोट्या युनिट्सचं पगाराचं आणि टॅक्सचं काम बघते, कुणाकडे चार माणसं कुणाकडे तीस, बहुतेक सगळे मोठ्या कंपन्यांना पार्ट करून देणारे, टर्निंग, प्रेस, पावडर कोटिंग, असलं जॉबवर्क. मशीनचा आवाज बदलला तरी कुठे काय बिघडलंय ते सांगणारी माणसं आहेत ही, पण पीएफ-जीएसटी म्हटलं की उत्तर एकच, "ते सीए बघतो". सीए रिटर्न भरतो हो, पण काल तुमच्याकडे लागलेला पोरगा एकोणिसावा होता की विसावा हे त्याला ऑफिसात बसून कसं कळणार?

म्हणून हे सगळं एकदा बसून लिहितेय. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे आणि त्यात कलमांचे नंबर सगळे बदललेत, त्यामुळे कलमं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, व्यवहार समजून घ्या आणि भरायच्या दिवशी पोर्टलवरचा दर एकदा बघत जा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या करंट अकाउंटला जी शिल्लक दिसते ती सगळी तुमची नसते. त्यात गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी असतो, कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, प्रोफेशनल टॅक्स असतो, कुणाच्या बिलातून कापलेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवायचा प्राप्तिकर, असतो. हे पैसे तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेत. माझ्याकडच्या ज्या लोकांनी दुसरं एक साधं बँक खातं उघडलं आणि पगार केला त्याच दिवशी ही रक्कम तिकडे टाकायची सवय लावली त्यांचे तेरा तारखेचे फोन बंद झाले, खरंच सांगते, चांगला धंदा असलेले लोक यात अडकतात आणि बेताचा धंदा असलेले सुटतात, फरक एवढ्याच सवयीचा.

एका माणसाचा पगार खरा केवढा

माणूस ठेवताना मालक विचारतो "पंधरा हजार देऊ ना?" आणि डोक्यात पंधराच धरतो. आता बघा, वीसच्या वर माणसं असलेलं युनिट, पुरुष कामगार, पगार १५,००० आणि तो सगळा बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, धरू म्हणजे हिशेब सोपा पडेल. त्याच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० जाणार, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११२.५०, तो वरच्या रुपयाला जातो म्हणून ११३, आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात पडणार १२,८८७. ही झाली त्याची बाजू.

तुमची बाजू वेगळी. तुमचा पीएफ परत १,८००, त्यातले १,२५० त्याच्या पेन्शनला जातात आणि ५५० पीएफ खात्यात. वर विम्याचे, ज्याला ईडीएलआय म्हणतात, ०.५ टक्के म्हणजे ७५ आणि अ‍ॅडमिन चार्ज ०.५ टक्के अजून ७५. ईएसआय ३.२५ टक्के, ४८८ धरा. एकूण २,४३८. म्हणजे पंधरा हजाराचा माणूस तुम्हाला १७,४३८ ला पडला, आणि त्यातले ४,५५१ रुपये सरकारी खात्यांकडे जायचे आहेत. असे बावीस कामगार असले की महिन्याला साधारण एक लाख रुपये झाले! हे एक लाख तुमच्या खात्यात पगाराच्या दिवसापासून आठ-दहा दिवस पडून असतात आणि तेवढ्यात मटेरियलवाला दारात उभा राहतो, सगळी गडबड तिथेच सुरू होते.

यात अजून दोन गोष्टी दिसत नाहीत, बोनस आणि ग्रॅच्युइटी. बोनस वीस माणसांपासून लागतो, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, कमीत कमी ८.३३ टक्के, आणि वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत, पण आपल्याकडे दिवाळीच्या आधी दिला नाही तर तो दिल्यासारखाच नसतो. ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून, शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. वरच्याच माणसाचं धरलं तर वर्षाला ८,६५४ रुपये. दहा वर्षं टिकलेला माणूस सोडून निघाला की शहाऐंशी हजार एकदम द्यायचे, ते त्या दिवशी कुठून आणणार? दर महिन्याला सातशे-सव्वासातशे माणशी बाजूला टाकत गेलात तर तो दिवस सोपा जातो. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण नव्या कामगार संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेल्या माणसाला एका वर्षातच हक्क येतो हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही.

त्या संहितांचं इथेच सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. छोट्या मालकाच्या दृष्टीने त्यातलं मोठं म्हणजे पगाराची व्याख्या. आधी काय करायचे, १८,००० पगारात बेसिक ६,००० दाखवायचे आणि बाकी एचआरए, कन्व्हेयन्स, वॉशिंग अलाउन्स असं फोडून टाकायचे म्हणजे पीएफ कमी बसतो. आता भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरला जातो. त्यामुळे तसली जुनी शीट कुणाकडे चालू असेल तर ती बदलून घ्या, पुढे इन्स्पेक्शनमध्ये फरक निघाला तर मागच्या सगळ्या महिन्यांचा भरावा लागतो आणि कामगाराचा हिस्सा तेव्हा त्याच्याकडून मागता येत नाही, तोही तुमच्याच खिशातून. शिवाय प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातच्या आत, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत. "पुढच्या पगाराला ये, तेव्हा बघू" हे आता चालत नाही.

माणसं मोजत राहा

कोणता कायदा लागतो ते बरंचसं डोकी मोजून ठरतं. पहिला माणूस पगारावर ठेवलात आणि पुरुषाचा पगार साडेसात हजाराच्या वर असला की प्रोफेशनल टॅक्स कापायचा, त्यासाठी पीटीआरसी नंबर घ्यायचा. ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५, त्याच्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००. बायकांना २५,००० पर्यंत काहीच नाही, हे १ एप्रिल २०२३ पासून झालंय, तरी मी अजून पगारपत्रकं बघते ज्यात पॅकिंगला बसणाऱ्या ताईंचे दर महिन्याला दोनशे कापलेत कारण एक्सेल शीट जुनी आहे. बारा हजार पगारातले दोनशे म्हणजे त्या घरातलं दूध आहे हो थोडे दिवसांचं. आजच शीट उघडून बघा आणि कापले असतील तर परत द्या.

मालकाचा स्वतःचा प्रोफेशनल टॅक्स वेगळा, पीटीईसी, वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत, आणि भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. लोक पीटीआरसी काढतात आणि पीटीईसी विसरतात किंवा उलटं. हा टॅक्स १९७५ च्या कायद्याने आला, दुष्काळानंतरच्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला हातभार होता तो. मला हे कळल्यापासून त्या दोनशे रुपयांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

यात एक अडचणीची जागा आहे. आधीच्या वर्षी तुमचा प्रोफेशनल टॅक्स एक लाखाच्या आत असेल तर रिटर्न वर्षातून एकदा, ३१ मार्चला. ऐकायला बरं वाटतं, पण कापायचं तर दर महिन्याला आहे, म्हणजे बावीस माणसांचे पंचावन्न हजार वर्षभर तुमच्याकडे पडून राहतात आणि मार्चमध्ये, जेव्हा अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे प्राप्तिकराचा आगाऊ हप्ता, पण असतो, तेव्हा एकदम बाहेर काढायचे. वेगळं खातं मी म्हणते ते याच्यासाठी. आणि पीटीआरसी नवीन काढला असेल तर पहिल्या वर्षी रिटर्न दर महिन्यालाच, नाहीतर लेट फी हजार रुपयांपर्यंत.

पाच माणसं झाली की कामगार कल्याण निधी. रक्कम छोटी आहे, जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगाराचे २५ आणि तुमचे ७५, १५ जुलै आणि १५ जानेवारीच्या आत भरायचे. छोटी म्हणूनच राहून जाते.

दहा झाली की ईएसआय, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. मालक लोक याला वैतागतात, "कापून काय मिळतं, दवाखान्यात रांगा". पण आजारपणात पगाराच्या ७० टक्के ९१ दिवसांपर्यंत मिळतात, बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो, आणि प्रेसवर हात गेला तर त्याचं पुढचं आयुष्यभराचं बघणारं दुसरं काही या पगारात येत नाही. नाव माणूस कामाला लागला त्याच दिवशी घाला. "महिनाभर टिकतो का बघू मग घालू" असं म्हणणाऱ्या मालकांशी मी प्रत्येक वेळी भांडते, नवख्या माणसाचाच हात मशीनमध्ये जातो, दहा वर्षं काम केलेल्याचा क्वचित. अजून एक, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ईएसआयचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे असतात, मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो टप्पा संपेपर्यंत कापत राहायचं, लगेच थांबवायचं नाही.

वीस झाली की पीएफ. आणि इथे मोजण्यात सगळ्यांची चूक होते. हेल्पर मोजायचा, झाडूवाल्या मावशी मोजायच्या, कंत्राटदाराकडून आलेली माणसं मोजायची, ज्याला तुम्ही "ट्रेनी" म्हणता तो मोजायचा, अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंदलेला अ‍ॅप्रेंटिस असेल तेवढा सोडून. पगारपत्रकात सोळा आणि शेडमध्ये बावीस असं असलं तर कायद्याने तुम्ही बावीसवाले. एकदा लागला की नंतर माणसं पंधरा झाली तरी पीएफ सुटत नाही. कंत्राटदार असेल तर त्याचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलान आणि त्यात तुमच्याकडच्या माणसांची नावं आहेत का ते बघा, त्याने नाही भरलं तर शेवटी तुमच्याकडून वसूल होतं.

उचलीचं पण सांगते कारण प्रत्येक युनिटमध्ये उचल असतेच. गणपतीला, मुलाच्या फीला, गावाकडे पेरणीला. उचल वळती करायची ती सगळ्या कपातीनंतर, खालच्या ओळीत. काही जण काय करतात, पंधरा हजारातून तीन हजार उचल वजा करून बारा हजारावर पीएफ काढतात. पीएफ पंधरावरच निघणार. आणि पगार बँकेतून द्या, एका माणसाला एका दिवसात दहा हजाराच्या वर रोख दिलेत तर प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत, म्हणजे दिलेल्या पगारावर वर टॅक्स.

वीसच्या उंबरठ्यावर असलेले बरेच जण घाबरून एकोणीसवर थांबतात. थांबू नका. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ च्या मध्ये नवीन माणसं लावली तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला प्रत्येक वाढीव माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत दोन वर्षं मिळतात, पन्नासच्या आतल्या युनिटने किमान दोन माणसं वाढवली पाहिजेत आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या पोरालाही १५,००० पर्यंत मिळतात, दोन हप्त्यांत. हे सगळं पीएफची नोंद असेल तरच, आणि मालकाचं खातं पॅनला जोडलेलं हवं.

पंधरा तारीख

पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या पंधरापर्यंत. उशीर झाला तर पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय महिन्याला १ टक्का दंड, आणि कामगाराचा हिस्सा कापून भरलाच नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरता येतो. पण मी दंडासाठी मागे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक युनिट नव्याने आलं. आधीच्या सात महिन्यांचा पीएफ कापलेला होता, भरलेला नव्हता, मालक वाईट माणूस नव्हता, पैसे मटेरियलमध्ये गुंतले होते आणि "पुढच्या महिन्यात सगळं एकदम भरू" असं सात वेळा झालं होतं. त्याच काळात त्यांच्याकडचा एक फिटर रात्रपाळीहून घरी जाताना अपघातात गेला. त्याची बायको पासबुकचा कागद घेऊन माझ्यासमोर बसली होती, लहान मूल मांडीवर, आणि विचारत होती की यात शेवटचे सात महिने कोरे का आहेत, ते तर दर महिन्याला कापून घ्यायचे. मला उत्तर देता आलं नाही. ईडीएलआयच्या विम्यात वारसाला अडीच लाखापासून सात लाखापर्यंत मिळतात, विधवेला पेन्शन मिळतं, आणि तिला ते मिळालं, पण मागची चलानं भरून, नोंदी दुरुस्त होऊन, कागद परत परत नेऊन खूप महिने गेले आणि ते महिने तिने कसे काढले ते मी बघितलंय. त्या पंचाहत्तर रुपयांच्या हप्त्याची किंमत मला तेव्हा कळली. म्हणून कुणी पंधराच्या ऐवजी पंचवीसला म्हटलं की मी नाही म्हणते, आणि म्हणत राहणार.

जीएसटी, टीडीएस आणि आपला स्वतःचा टॅक्स

जीएसटीची नोंदणी मालाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीवर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दुसऱ्याच्या मालावर काम करून देणं, म्हणजे जॉबवर्क, ही सेवा धरतात. तेव्हा मटेरियल पार्टीचं आणि मजुरी तुमची असं असेल तर तुमची मर्यादा २० लाखाची आहे, ४० ची नाही. माल बनवून परराज्यात विकायचा असेल तर मग मर्यादा बघायचीच नाही, आधी नंबर घ्या.

पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय आहे, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) तिमाहीनंतर १३ ला आणि ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) महाराष्ट्रात २२ ला, पण पैसे मात्र मधल्या दोन महिन्यांत २५ तारखेपर्यंत चलानने भरायचेच. महिन्याला भरणाऱ्यांना ११ आणि २०. मला विचाराल तर हिशेबात कच्चे असाल तर मंथली बरं, तीन महिन्यांची बिलं एकदम शोधण्यापेक्षा. उशिराचं व्याज १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, थोडे अपवाद सोडले तर १२ आणि २८ चे टप्पे गेले, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जुने दर पडून नाहीत ना ते एकदा तपासा.

आणि गाळ्याचं भाडं! तुम्ही जीएसटीत नोंदलेले आणि गाळामालक नोंदलेला नाही, असं असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही स्वतः भरायचा, जमा क्रेडिटमधून वळता न करता, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो पुढच्या जीएसटीतून वजा करायचा. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्यांना, हे लागू नाही. निम्म्या एमआयडीसीने हे केलेलं नसतं, मला भेटणाऱ्या नव्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते.

टीडीएस, प्रोप्रायटरची आधीच्या वर्षी उलाढाल एक कोटीच्या वर असेल तर कापायला लागतो, कंपनीला आणि भागीदारीला पहिल्यापासून. त्यासाठी टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, घ्यायचा. कंत्राटदाराला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याला एका बिलाचे ३०,००० किंवा वर्षाचे एक लाख ओलांडले की व्यक्ती असेल तर १ टक्का आणि फर्म-कंपनी असेल तर २. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या ट्रान्सपोर्टरने तसं लिहून पॅन दिला तर त्याचा कापायचा नाही. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर इमारतीवर १० टक्के. भागीदारी फर्मला १ एप्रिल २०२५ पासून नवीन आलंय, भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापायचे, घरातल्या घरात भाऊ-भाऊ भागीदार असले तरी.

कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या सातला, मार्चचा ३० एप्रिलला. आठ तारीख झाली तर? व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिना कापल्या दिवसापासून मोजतात, अर्धवट महिना पण पूर्ण धरतात. १५ एप्रिलला कापलेला ८ मेला भरला तर एक दिवसाच्या उशिराला दोन महिन्यांचं, ३ टक्के व्याज. तिमाही रिटर्न उशिरा दिलं तर दिवसाला दोनशे. कामगारांच्या पगारावर टीडीएस बहुतेक लागत नाही, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजीम) पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्सच नाही, पण मॅनेजर किंवा कंपनीचे डायरेक्टर वर जातात, त्यांचा दर महिन्याला कापायचा आणि १५ जूनपर्यंत फॉर्म १६ द्यायचा.

तुमचा स्वतःचा टॅक्स मात्र मी थोडक्यात सांगते, कारण तो सीए खरंच बघतो. प्रोप्रायटर स्वतःला पगार देऊ शकत नाही, महिन्याला घरी नेता ते ड्रॉइंग, खर्च नाही. उलाढाल दोन कोटींच्या आत, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून रिटर्न देता येतं, अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चला एकदाच. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, मशीनचं लोन मागायला जाल तेव्हा बँक तोच कागद बघते. बाकीच्यांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स चार हप्त्यांत, १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. पार्टीने तुमच्या मजुरीतून कापलेला टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे प्राप्तिकर पोर्टलवरच्या तुमच्या स्टेटमेंटमध्ये, दिसतोय का ते दर तिमाहीला बघा, त्याने कापला आणि भरला नाही तर तुम्हाला क्रेडिट मिळत नाही.

पार्टीचं पेमेंट अडकलंय, त्याचं काय

पीएफ वेळेवर का जात नाही याचं खरं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. तुम्ही सातला पगार देता, पंधराला पीएफ, आणि तुमची पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देते. तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट आहे, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे हा २००६ पासूनचा कायदा आहे, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ पासून तर पार्टीने वेळेत दिले नाहीत तर तिला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, देईल त्या वर्षी धरतात. त्यामुळे फेब्रुवारीत पार्टीच्या अकाउंट्सला नम्रपणे एक मेल टाका, उद्यमचा कागद जोडून, बाकी रकमांची यादी देऊन. माझ्याकडच्या लोकांना मार्चमध्ये असे अडकलेले पैसे सुटलेले मी बघितलेत. सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते, पण तिथे गेलं की काम तुटेल अशी भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नाही, म्हणून आधी मेल.

आता महिन्याची पद्धत. एक तारखेला मस्टर बंद करून माणसं मोजायची, नवीन आलेल्यांचं आधार, पॅन, बँक आणि जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असेल तर तो घ्यायचा, नवीन यूएएन काढू नका नाहीतर त्याची दोन खाती होतात आणि पुढे जोडता जोडता तो थकतो. पाचपर्यंत पगारपत्रक, सातला पगार, त्याच दिवशी कपातीचे आणि तुमच्या हिश्शाचे पैसे दुसऱ्या खात्यात, टीडीएस पण तेव्हाच. दहा-अकराला पीएफ-ईएसआय भरून टाका, पंधराला पोर्टल अडतं. चलानाचा फोटो काढून कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, किंवा मस्टरशेजारी चिकटवा. आमच्याकडच्या एका मालकांनी हे सुरू केलं तेव्हा एक जुना ऑपरेटर त्यांना म्हणाला, "साहेब, आता घरी दाखवता येतं."

आणि माणूस सोडून गेला की पीएफ पोर्टलवर त्याची नोकरी सोडल्याची तारीख टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पण ती तारीख नसली की त्याचे पैसे काढायला अडतात, आणि बिहार-यूपीला परत गेलेला पोरगा तिथून तुम्हाला फोन करत राहतो आणि तुम्ही मशीनवर असता. तारीख टाकून त्याला मेसेज करा की टाकली.